रुसवा नव्हे, उपोषण

गेल्या स्वातंत्र्यदिनी दिलसुखनगर येथील आमच्या बिऱ्हाडी काही विद्यार्थी व त्यांचे पालक जमले असता राजकुमार संतोषी यांचा 'द लेजंड ऑफ भगतसिंग' (२००२) हा हिंदी चित्रपट आम्ही सर्वांनी मिळून पाहिला. लाहोरच्या तुरुंगातील उपोषणाचे दृश्य येताच एका मुलीने डोळे मिटले. 'असले मुलांना दाखवू नये,' असे एक गृहस्थ म्हणाले. एका मुलाने तर विचारले, "जेवायचे नाही म्हणून बसणे, हा हट्टच नव्हे का?" हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटला, कारण मोबाईलसाठी ताटावरून उठणारी मुले आज घरोघरी आहेत.

ज्या खटल्यात पुढे आपल्या खेडच्या राजगुरूंना फाशी झाली, त्याच लाहोर कटाच्या खटल्यातील हे बंदी. भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी जून १९२९ मध्ये अन्न वर्ज्य केले. १३ जुलैपासून जतींद्रनाथ दास प्रभृती सहकारी त्यांस मिळाले. त्यांनी सुटका मागितली नाही. खाण्याजोगे अन्न, वाचावयास पुस्तके व वर्तमानपत्रे आणि राजबंद्यास साजेशी वागणूक, एवढेच त्यांचे मागणे होते; तेही सर्व राजबंद्यांसाठी. अधिकाऱ्यांनी बळाने नाकात नळी घालून दूध ओतले; ते जतींद्रनाथांच्या फुप्फुसात गेले. जामिनावर सुटण्याची सवलत त्यांनी नाकारली. १३ सप्टेंबर रोजी, उपोषणाच्या ६३ व्या दिवशी, त्यांचा अंत झाला. वय अवघे २४ वर्षांचे.

रुसव्यात मूल आईच्या मायेला वेठीस धरते आणि मागते ते स्वतःपुरते. या तरुणांनी क्लेश स्वतः सोसले व मागितले ते इतरांसाठीही. हा भेद मुलांस उमगावा, म्हणून ते दृश्य त्यांनी वडीलधाऱ्यांजवळ बसून पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र मरणाचे गोडवे कोणी गाऊ नयेत. ऐन तारुण्यात असा जीव जाणे ही हानीच होय, आणि तिचा दोष माणुसकीची मागणी इतके दिवस अडवून धरणाऱ्या सरकारकडे जातो.

चित्रपट संपल्यावर डोळे मिटणाऱ्या त्याच मुलीने विचारले, "मग त्यांना पुस्तके मिळाली का?" १९३० साली सरकारने कैद्यांचे अ, ब व क असे वर्ग पाडले, काहींना सवलती लाभल्या, बहुसंख्य राजबंदी मात्र 'क' वर्गातच राहिले. विद्यार्थिमित्रहो, पुस्तके वाचावयास मिळावीत म्हणून कोणी प्राण पणाला लावले होते, हे आपले दप्तर उघडताना स्मरावे.