टेस्ला मोठा, म्हणून निदान मोठे?

‘डॉक्टर, दीड नको, तीन टेस्लाच्या मशीनवरच एमआरआय लिहून द्या.’ हा हट्ट तुम्हीही धरला असेल. टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक. ताकद वाढली की चित्र अधिक बारीक मिळू शकते, हे खरे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात तर १०.५ टेस्लाचे यंत्र आहे. त्याचा चुंबकच सुमारे ११० टनांचा! पण ते मेंदूचे कोडे सोडवायला आणले आहे, तुमच्या डोकेदुखीचे कारण शोधायला नव्हे.

संशोधनाच्या बातम्यांनी आपण दिपून जातो आणि जाहिरातवाले त्याचाच फायदा घेतात. पक्षाघात किंवा मोठी गाठ १.५ टेस्लावरही सहसा स्पष्ट दिसते. फिट्सचे सूक्ष्म कारण शोधताना मात्र ३ टेस्ला उपयोगी पडते. ते डॉक्टरांना ठरवू द्या. शिवाय शरीरात पेसमेकर किंवा क्लिप असेल, तर १.५ ला सुरक्षित ठरलेली वस्तू ३ ला सुरक्षित असेलच असे नाही.

म्हणून ‘मशीन किती टेस्लाचे?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘या तपासणीने माझ्या उपचारात काय बदलणार?’