कापड बघून आच

हल्ली तालुक्याच्या गावांतही बचत गटांकडे हीट प्रेस मशीन दिसू लागलंय. मंडळाच्या टी-शर्टवर गणपती छाप, शाळेच्या स्पर्धेसाठी नंबर छाप, लग्नात 'वरपक्ष-वधूपक्ष' छाप! काम स्वच्छ, बसल्या जागी होणारं. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलांसाठी प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदानाची सोय ठेवली गेली, तशा सोयींमुळे मशीन दारात येणं सोपं झालं. पण मशीनबरोबर जे शिकवतात ना, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

बहुतेक प्रशिक्षणांत बायकांना एक आकडा पाठ करायला लावतात. दीडशे-एकशेसाठ अंश, पंधरा सेकंद, दाबा आणि काढा. सुती टी-शर्टला हे चालतं. पण कापड बदललं की काय? ते कुणी सांगत नाही.

आमच्या ओळखीच्या एका गटाला गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने पाण्याच्या बाटल्यांची २०० कव्हरं दिली. त्यावर नाव छापायचं, नगाला ६ रुपये. कव्हरं होती निओप्रीनची, म्हणजे ते जाडसर, मऊ, दाबलं की परत फुगणारं कापड. लॅपटॉपच्या पिशव्या असतात ना, तसलं. बायकांनी शिकवल्याबरहुकूम आकडा लावला. ३८ कव्हरं वाया गेली. कुठे मशीनच्या पाट्याचा चौकोनी व्रण उठला, कुठे कापड चपटं होऊन कडक झालं. व्यापाऱ्याने नगाला ९० रुपये धरून ३,४२० रुपये मागितले. उरलेल्या १६२ नगांची मजुरी झाली ९७२ रुपये. म्हणजे काम करून वर पदरचे २,४४८ रुपये द्यायचे! ही त्या बायकांची चूक, असं मी अजिबात मानत नाही.

निओप्रीन हे कृत्रिम रबर. १९३० मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. आपल्यापर्यंत येतं ते त्याचं फेसाळ रूप : मध्ये बारीक बुडबुड्यांचं रबर, वरून नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं विणलेलं पातळ कापड. त्या बुडबुड्यांमुळेच पाणी गार राहतं. जास्त आच आणि जोराचा दाब दिला की तेच बसतात, मग ते काही परत फुगत नाहीत. यासाठी कमी आचेवर चिकटणारं, ताणलं तरी न तडकणारं व्हिनाइल वेगळं मिळतं. ते साधारण १३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी आचेवर, थोडेच सेकंद, हलक्या दाबाने बसतं. नेमका आकडा त्या रोलबरोबर लिहून येतो, तो मागून घ्यायचा. वर टेफ्लॉनचा कागद हवाच. शिवण आणि चेन पाट्याखाली आली तर दाब सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून आत छोटी गादी सरकवायची. रंगाची वाफ करून छापतात ते सब्लिमेशन पॉलिएस्टरवरच पक्कं बसतं, तेही फिक्या रंगावर. आणि खिडकी उघडी ठेवा बायांनो, तापलेल्या रबराचा वास छातीत भरू देऊ नका.

आता मला सांगा, यातलं आपल्याला परकं काय आहे? सिंथेटिक साडीला इस्त्री करताना आपण आच कमी करतो, वर सुती रुमाल टाकतो, आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर फिरवून बघतो. भाकरीचा तवा आणि घावनाचा तवा एकाच आचेवर ठेवत नाही. हे शहाणपण हाताशी असताना मशीनपुढे उभं राहिलं की 'सर म्हणाले तेवढंच' असं का होतं? कारण शिकवणारा आपल्याला बटण दाबणारी समजतो. माझं म्हणणं, प्रशिक्षणात निदान चार-पाच जातीची कापडं हातात द्यावीत, दोन-दोन तुकडे जाळू द्यावेत. तुकडा जाळायला जो काय खर्च येईल, तो त्या ३,४२० रुपयांहून कितीतरी कमी.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. ऑर्डर घेताना त्याच मालाचे दोन नग चाचणीसाठी जास्तीचे मागायचे. एक छापून रात्रभर ठेवायचा, सकाळी ताणून, धुऊन बघायचा. खराबा किती टक्के कुणी सोसायचा, ते कागदावर लिहून सही घ्यायची. व्यापारी नाराज होईल म्हणून आपण गप्प बसतो. अहो, तो आपला जावई आहे का?

त्या गटाने व्यापाऱ्याशी भांडून निम्मी रक्कम सोडवून घेतली. आता त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात कापडांचे तुकडे आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली : आच किती, सेकंद किती, धुतल्यावर काय झालं. मागच्या महिन्यात एकाने चाचणीचे नग द्यायला नकार दिला, तर गटाने ऑर्डरच परत पाठवली.