एक कोयता, दोन माणसे

दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार येथील बाजारपेठांत एक निराळी खरेदी चालते. ताडपत्री, सुतळी, बॅटरी, पाण्याचे हंडे, गोडेतेलाचा डबा, मिठाच्या पिशव्या, नवा कोयता. गिऱ्हाईक बहुधा जोडीने येते. पुरुष ताडपत्रीचा जाडपणा बोटांत धरून पाहतो. स्त्री तिखट-मिठाचा अंदाज बांधते. जुन्या दुकानदाराला काही विचारावे लागत नाही. पाच-सहा महिने पुरेल असे घर ती दोघे विकत घेत असतात, आणि ते घर चाकांवर चढणार असते.

चाकांवरच्या घराची आता हौसही असते. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. बालाघाटच्या कोरडवाहू गावांनी मात्र हा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही धोरणावाचून केला आहे. पूर्वी बैलगाडीने, आता बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. सावरगाव घाटचा दसरा मेळावा उरकला की ट्रॉल्या भरू लागतात. ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, अंथरुणे, सरपण, एखादी शेळी आणि सर्वांच्या वर माणसे. वाट सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे, कधी पार बेळगावकडे जाते. पेढ्यांवर दिवाळीचे वहीपूजन होत असते, तेव्हा यांतील पुष्कळ घरांची पणती परमुलखातल्या कोपीपुढे लागते. कोपी म्हणजे वाकवलेल्या बांबूंवर ताडपत्री ओढून केलेला निवारा. आत शिरताना वाकावे लागते आणि आत गेल्यावरही धड उभे राहता येत नाही.

या व्यवसायात पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकट्या माणसाचा तो अर्धा कोयता. हत्याराच्या नावाने माणसे मोजण्याची ही रीत इतकी रुळली आहे की ती कोणाला खटकतही नाही. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती कोयत्याला. लग्न, आजारपण, विहीर, मागची देणी यांत ती बहुधा ट्रॉली निघण्यापूर्वीच संपते. त्यातला काही भाग पेठेतल्या गल्ल्यातही येतो.

व्यापारी घराला पटेल असा हिशेब मांडून पाहावा. जानेवारी 2024 मधील करारानुसार मजुरीत 34 टक्के वाढ झाली आणि टनाला 273 रुपयांचा दर सुमारे 366 वर गेला. वाढ लहान नव्हे. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली आणि दिवसाला दोन टन ऊस तोडला. ती फिटण्यास सुमारे 273 टन, म्हणजे एकही खाडा न होता 137 दिवस लागतील. कारखान्याचा पट्टा चार महिन्यांत थांबला तर बाकी उरते आणि पुढच्या हंगामात ओढली जाते. पेठेतली उधारी मालाने किंवा पैशाने फिटते. ही उधारी फेडण्यासाठी पुन्हा त्याच ट्रॉलीत बसावे लागते.

या हिशेबातील दुसरे माणूस मात्र वहीत दिसत नाही. पहाटे चारला चूल तीच पेटवते. फडात पुरुष ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून चढत वाहन भरते. परतल्यावर पाणी, भाकरी, लेकरे पुन्हा तिचीच. उचल मात्र नवऱ्याच्या नावे लिहिली जाते. ती आजारी पडली तर कोयता मोडतो आणि खाड्याचा दंड दोघांवर बसतो. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. बीड जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया झाल्याची माहिती जून 2019 मध्ये विधान परिषदेत देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. त्या सर्वच स्त्रिया ऊसतोडीच्या नव्हत्या. पण पाळीचे चार दिवसही ज्या कामात तोट्याच्या बाजूला धरले जातात, त्या कामाकडे तेव्हा प्रथमच इतक्या जणांचे लक्ष गेले. पुढे चौकशी समिती नेमली गेली, कामगारांसाठी महामंडळ उभे राहिले, मुलांसाठी वसतिगृहे सुरू झाली. तरीही जोडीतील स्त्रीच्या नावे वेगळे खाते आणि वेगळी मजुरी ही साधी गोष्ट अजून सार्वत्रिक नाही. दोन भागीदारांपैकी एकाचेच नाव वहीत असलेली पेढी कोणता व्यापारी चालवून घेईल?

चैत्राच्या सुमारास ट्रॉल्या परत येतात. मुकादमाच्या ओट्यावर टनांची बेरीज वाचली जाते. नवरा समोर बसतो, ती जरा मागे उभी राहून ऐकते. कोणत्या फडात किती खेपा झाल्या हे तिला तोंडपाठ असते. नंतर दोघे पेठेत येतात. दसऱ्याची उधारी चुकती करतात, थोडी बाकी ठेवतात, लेकीसाठी चपला घेतात. ताडपत्री दोन ठिकाणी फाटली आहे, पण आणखी एक हंगाम निघेल असे ती म्हणते आणि दुकानदाराकडे ठिगळापुरता तुकडा मागते.