बरं असतानाचं बोलणं

बायपोलर आजाराचं निदान झालेल्या माणसाशी घरात बोललं जातं ते बहुतेक वेळा गोळ्यांविषयीच. तो मोठ्याने हसला तरी ‘गोळी घेतलीस ना?’ आणि चिडला तरी तेच. त्याच्या साध्या आनंदालाही लक्षण ठरवणारा हा प्रश्न काळजीपोटी येतो, हे खरं. पण घरातल्या अशा सुराचा परिणाम अभ्यासला गेला आहे. अमेरिकेतल्या डेव्हिड मिक्लोविट्झ आणि सहकाऱ्यांना १९८८ साली आढळलं, की उन्मादातून नुकतंच सावरलेल्यांपैकी ज्यांच्या घरी टीका आणि अतिहस्तक्षेप जास्त, त्यांचा आजार अधिक वेळा उलटला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच १०१ रुग्णांच्या अभ्यासात औषधांच्या जोडीला कुटुंबाला ऐकायला-बोलायला शिकवलं, तेव्हा दोन वर्षांत आजार कमी वेळा उलटला.

रात्र-रात्र झोप नाही, कर्ज काढून खरेदी चाललीय, तेव्हा शांतपणे बोलून काय होणार, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. तिथे डॉक्टरच हवेत. आत्महत्येची शंका आली तर थेट विचारावं, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. पण म्हणूनच खरं बोलणं तब्येत स्थिर असताना व्हायला हवं: झोप कमी झाली तर तुला कोणी सांगावं, बँकेचं कार्ड कोणाकडे ठेवायचं? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांविषयीची आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही प्रौढ व्यक्तीला आहे. निर्णय त्याचा असला, तर पुढे त्याची आठवण करून देणं हा हुकूम वाटण्याची शक्यता कमी. एरवी त्याच्याशी क्रिकेटवर, ऑफिसवर, भाजीच्या भावावर बोला.