पोरीचं नाव कोण देणार?

मैत्रिणींनो, पहाटे पाचच्या सुमाराला वलगावच्या रस्त्यानं कधी जाऊन पाहा. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या कडेनं पोरं धावत असतात. कुणी अनवाणी, कुणाच्या पायात फाटके बूट. कुणाला पोलिसात जायचंय, कुणाला मिलिटरीत. कपाशी-सोयाबीनवर घर चालेल याचा भरवसा उरलेला नाही, म्हणून ही धावाधाव. अलीकडे त्यांच्या मागून, थोडं अंतर राखून, ओढणी कमरेला बांधलेल्या दोन-तीन मुलीही धावताना दिसतात. उजाडायच्या आत त्या घरी परततात. उजाडलं की नळ येतो, आणि उजाडलं की लोकांचे डोळेही उघडतात.

वलगावातल्याच एका बचत गटाच्या बैठकीत मी बायांना विचारलं, "सरकार स्वतःच्या खर्चानं तीन वर्षं ठेवतं, जेवू घालतं, पदवी देतं आणि थेट सैन्यात अधिकारी करतं, अशी एक जागा आहे. तुमच्या घरातून कुणाचं नाव द्याल?" भराभर नावं आली. मुलगा, पुतण्या, भाचा. एकीनं तर दुसरीत शिकणाऱ्या नातवाचं नाव दिलं! मुलीचं नाव एकीच्याही तोंडून आलं नाही. त्याच खोलीत बारावी सायन्सची एक मुलगी आम्हाला चहा देत होती. दहावीला तिला गणितात शंभरपैकी ९१ गुण होते. "हिचं काय?" मी विचारलं. तिची आई हसली. "पोरीले मिल्ट्रीत कायले धाडता ताई? तिचं तं औंदा उरकून टाकाचं हाय."

त्या हसण्यामुळे हा लेख लिहिते आहे. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. मुलीचं नाव अशा यादीत येऊ शकतं हेच तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

येईल तरी कुठून? खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, लोक जिला एनडीए म्हणतात तिचं, उद्घाटन १९५५ साली झालं. तेव्हापासून बारावी झालेला मुलगा केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन तिथे जाऊ शकत होता. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, औषधपाणी, सगळं सरकारी तिजोरीतून. शेतमजुराचा मुलगाही तिथून ताठ मानेनं अधिकारी होऊन बाहेर पडला. आणि मुलगी? १९९२ साली भूदलानं वैद्यकीय आणि परिचर्या सोडून इतर शाखांत स्त्री अधिकारी घ्यायला सुरुवात केली, पण तिनं आधी स्वतःच्या खर्चानं पदवी घ्यायची आणि मग ठरावीक वर्षांपुरती नोकरी करायची. मुलाला बारावीनंतर कायम नोकरीचा राजरस्ता, मुलीला पदवीनंतर मुदतीची पायवाट!

या अन्यायाला आपल्या अमरावतीचीही एक किनार आहे. १९९१ ते १९९६ या काळात अमरावतीच्या खासदार असलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या, म्हणजेच तिन्ही सैन्यदलांच्या सर्वोच्च सेनापती. नोव्हेंबर २००९ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई लढाऊ विमानातून उड्डाण केलं. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा होता. पण त्याच पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खडकवासल्याच्या प्रवेश परीक्षेच्या अर्जात, मुलीला जागा नव्हती. सर्वोच्च सेनापती बाई, आणि सतरा वर्षांच्या मुलीला साधा फॉर्म भरण्याची बंदी! याच पुणे जिल्ह्यात, पिरंगुटजवळ कासार आंबोलीला, १९९७ पासून मुलींची सैनिकी शाळा आहे. तिथल्या मुली गणवेश घालून कवायत करत होत्या, घोड्यावर बसत होत्या. बारावी झाली की त्यांना सांगायचं, आता पुरे, पुढचा दरवाजा फक्त भावाला.

हा दरवाजा कुणी दया येऊन उघडलेला नाही. कुश कालरा यांच्या याचिकेवर १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या. सरकारनं सांगितलं, तयारीला वेळ हवा, मे २०२२ पर्यंत थांबा. न्यायालयानं थांबायला नकार दिला. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी परीक्षा झाली. मुलींना यात रस नसतो असं म्हणणाऱ्यांनी पुढचा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. या पहिल्याच परीक्षेसाठी १,७७,६५४ मुलींनी अर्ज केले. एकूण अर्जांच्या जवळजवळ एक तृतीयांश! एक हजारावर मुली लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

आणि जागा किती? १९. चारशे जागांपैकी एकोणीस. भूदलाच्या २०८ जागांत मुलींना १०, हवाई दलाच्या १२० जागांत ६, नौदलाच्या ४२ जागांत ३. दार उघडलं, पण साखळी लावून उघडलं. त्या फटीतून ज्या आत गेल्या त्यांपैकी १७ मुली ३० मे २०२५ रोजी तीनशेहून अधिक मुलांच्या बरोबरीनं संचलन करून बाहेर पडल्या. वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले, 'रणरागिणी' असे मथळे दिले. आपण टाळ्या जरूर वाजवाव्या. पण फोटोतल्या सतरा जणी मोजताना, साखळीबाहेर उभ्या राहिलेल्याही मोजायला हव्या. पुढच्या जाहिरातींतही मुलींच्या जागा वेगळ्या मोजूनच दिल्या गेल्या. सैन्याच्या विधी शाखेत पुरुषांना सहा आणि स्त्रियांना तीन अशी वाटणी होती, ती ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. एकदा स्त्रियांना शाखेत घेतलं की त्यांच्या संख्येवर अशी मर्यादा घालता येणार नाही, असं बजावलं. विधी शाखेला जो न्याय, तो खडकवासल्याला का नको?

आता मूळ मुद्द्यावर येते. अमेरिकेत अशा बहुतेक लष्करी प्रबोधिनींत जायचं तर सिनेटर किंवा लोकप्रतिनिधीकडून नाव सुचवून घ्यावं लागतं. तिथेही १९७५ साली कायदा होईपर्यंत मुलींना दार बंद होतं. १९७६ साली पहिल्या मुली आत गेल्या. आपल्याकडे खासदाराचं पत्र लागत नाही, मंत्र्याची चिठ्ठी लागत नाही. परीक्षा द्या, मुलाखत द्या, गुणवत्ता यादीत या. याचा आपल्याला अभिमान आहे. पण मैत्रिणींनो, हे अर्धंच खरं आहे. मुलाला शिफारस लागत नाही, कारण त्याची शिफारस जन्मतःच झालेली असते. मुलीला मात्र घरापासून शिफारस लागते. बापाची, काकाची, मास्तरांची, शेजारपाजाऱ्यांची. एकानं जरी मान हलवली तरी अर्ज चुलीत.

शासनानंही शिफारस आजवर मुलाचीच केली. मुलांना या परीक्षेसाठी तयार करायला महाराष्ट्र सरकारनं १९७७ साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला सुरू झाली ती २०२३ साली. मध्ये गेली ४६ वर्षं! साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची. सैनिक शाळांची दारं मुलींना सर्रास उघडली २०२१-२२ मध्ये, तीही दहा टक्के किंवा दहा जागा, यांतलं जे जास्त असेल तेवढीच. सहावीपासून घोटून घेतलेल्या मुलासमोर बारावीनंतर अचानक मुलीला उभं करायचं आणि म्हणायचं, "या, समान संधी आहे!"

आता वयाची अट पाहा. परीक्षेसाठी वय हवं साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि उमेदवार हवा अविवाहित. आपल्या गावात मुलीचं हे वय कशाचं असतं, ते मी सांगायला हवं का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात विशीतल्या पहिल्या पाच वर्षांच्या दर शंभर स्त्रियांमागे जवळपास २२ जणींची लग्नं अठरा पूर्ण होण्याआधीच झालेली होती. अविवाहितपणाची अट मुलालाही आहे, पण त्याला ती कुठे बोचते? सतराव्या वर्षी त्याला कुणी पाहायला येत नाही. कागदावर एकच असलेली अट मुलाच्या अंगावरून वाऱ्यासारखी जाते आणि मुलीला मुळासकट उपटते.

विषयांचंही तेच. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण गणित कुणालाच चुकत नाही. आणि आपल्याकडे दहावीनंतर मुलीचं गणित सोडवतात, कारण जवळच्या कॉलेजात आर्ट्स आहे आणि सायन्सच्या शिकवणीचे पैसे भावासाठी ठेवलेले आहेत. प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत, मराठीत नाही. लेखी उत्तीर्ण झाली तर निवड मंडळासमोर पाच दिवसांची मुलाखत, भोपाळला किंवा आणखी दूर. पाच दिवस! एकटी! घरात रडारड सुरू होते ती इथे.

आता आपल्याच मैत्रिणी मला अडवतील, हे मला ठाऊक आहे. "अगं, आपण युद्धाच्या विरोधातल्या बाया. २००४ साली मणिपूरच्या आया इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर निर्वस्त्र होऊन उभ्या राहिल्या, त्या सैन्याच्याच विरोधात ना? आणि तू पोरींना त्याच सैन्यात पाठवायला निघालीस?" प्रश्न खरा आहे. त्या आयांसमोर मी आजही मान खाली घालते. बंदूक हाती आली म्हणून बाई मुक्त होत नाही आणि सैन्यात चार बाया गेल्या म्हणून सैन्य मवाळ होत नाही, हे मला मान्य आहे. मुलींचे फोटो पुढे करून युद्धाचा उन्माद कुणी वाढवत असेल तर त्याच्या विरोधात मी आधी उभी राहीन.

पण मला एक सांगा. गावातला मुलगा सैन्यात निवडला गेला तेव्हा आपण पेढे खाल्ले की नाही? तेव्हा शांततेचा प्रश्न कुणाला आठवला नाही. मुलीची पाळी आली आणि तो आठवला. शिवाय हा प्रश्न केवळ बंदुकीचा नाही. सार्वजनिक पैशातून गरिबाच्या घरी जाणारं शिक्षण, पगार, अधिकाराची जागा, यांत मुलीचा वाटा किती, याचा हा प्रश्न आहे. सैन्य नको असं एखादी मुलगी विचार करून म्हणाली तर तिच्या पाठीशी मी उभी आहे. पण नको म्हणायलाही आधी आपल्याला विचारलं जावं लागतं. चहा देणाऱ्या त्या मुलीला कुणी विचारलंच नव्हतं.

वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. पोटाला चिमटा घ्या, भांडी मोडा, पण मुलांना शिकवा, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. बाबांच्या नावानं दरवर्षी आपण गाव झाडतो. 'मुलांना' या शब्दात मुली येतात की नाही, हे मात्र अजून ठरवायचं बाकी आहे.

तेव्हा आपण काय करायचं? शासनाकडे मागायचं ते सरळ आहे. मुलींच्या जागांवरची साखळी काढा, गुणवत्ता यादी एकच लावा. वऱ्हाडातल्या मुलीला नाशिक म्हणजे रात्रभराचा प्रवास, म्हणून विदर्भात मुलींसाठी सेवापूर्व संस्था काढा. पण जे मोर्चाविना होण्यासारखं आहे ते आजच करू या. पाचवीतल्या मुलीला चंद्रपूरच्या सैनिक शाळेची परीक्षा द्यायला लावा. २०२२ पासून डेहराडूनच्या राष्ट्रीय भारतीय सैनिकी महाविद्यालयातही मुली जातात. सातवीतल्या मुलीसाठी ती परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. दहावीनंतर मुलीचं गणित सुटू देऊ नका. एनडीएच्या अर्जाला मुलींना शुल्क नाही, ही गोष्ट प्रत्येक बचत गटात सांगा. मुलाखतीला निघालेल्या मुलीसोबत तिच्या घरचं कुणी जात नसेल तर गटातली एक जण भोपाळपर्यंत जाईल, हे आधीच ठरवून ठेवा. उमेदवाराचं पहिल्या खेपेचं भाडं सरकार देतं. सोबतिणीचं आपण वर्गणीतून काढू.

आणि आणखी एक. मुलाखतीच्या वेळी तिथल्या चाचण्यांत इजा झाल्यास जबाबदारी आपली, अशा प्रमाणपत्रावर पालकांची सही लागते. पालक म्हणजे बापच, असं त्यावर कुठेही लिहिलेलं नाही.

हे मी त्या बैठकीत सांगितलं होतं. महिन्याभरानं ती हसणारी आई अमरावतीला आमच्या कार्यालयात आली. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलली. निघताना दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, त्या कागदावर म्या सही केली तं चालते का?"

चालते, बाई. तुझीच चालते.

मैत्रिणींनो, येत्या जाहिरातीच्या वेळी आपल्या गावातून किती मुलींची नावं जातील, ते आजच मोजायला बसू या.