दिवाळखोराला सुटका आहे, हप्ता थकलेल्याला नाही?

परवा एकदऱ्याचा एक मुलगा घरी आला. सरकारी बँकेच्या परीक्षेत पास झालाय. म्हटलं पेढे आणले असतील, तर हातात सिबिलचा कागद. वडिलांच्या होडीच्या कर्जावर यानेही सही केलेली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, होडी फुटली, हप्ते थकले. शेवटी आईचे दागिने विकून बँकेशी तडजोड केली. कागदावर शिक्का: 'सेटल्ड'. "काका, माझी नोकरी जाईल का?"

आधी भीती दूर करू. हप्ते थकले म्हणून कोणी दिवाळखोर होत नाही. ते न्यायालय ठरवतं. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी अजून 1920 चा इंग्रजांचा कायदा चालतो. 2016 ची नवी संहिता आली, त्यात 35 हजारांपर्यंतचं कर्ज असलेल्या अगदी गरिबाला नव्याने सुरुवात करायची सोय लिहिली. ती सोय कागदावरच. लागू झाला तो कंपन्यांच्या जामीनदारांपुरता भाग! आणि गंमत बघा, त्याच संहितेत दिवाळखोराला सरकारी सेवक होता येत नाही, पण न्यायालयाने मुक्त केलं की ती बंदी उठते. म्हणजे कायदा माफ करतो.

बँकेची जाहिरात करत नाही. स्टेट बँकेच्या एका उमेदवाराची नेमणूक जुन्या थकबाकीवरून रद्द झाली. सगळं कर्ज फेडलंय असं तो सांगत होता. जून 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचंच म्हणणं उचलून धरलं. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, हे कारण. ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत उत्तर आलं की आयबीपीएसच्या भरतीत सिबिल स्कोअरची किमान अट नाही. पण रुजू होईपर्यंत नोंद सुधारा किंवा बँकेचं ना-हरकत पत्र आणा, नाहीतर नेमणूकपत्र रद्द होऊ शकतं.

शिस्त हवीच, मान्य. मुद्दाम बुडवणाऱ्याला तिजोरीजवळ बसवा असं कोण म्हणतंय? पण वादळात होडी गेली हा बेशिस्तपणा कसा? 'सेटल्ड' या शिक्क्यात वादळ दिसत नाही. जून 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीप्रमाणे तडजोड केलेल्या कर्जदाराला किमान 12 महिन्यांनी पुन्हा कर्ज देता येतं. शिक्का मात्र किमान सात वर्षं राहतो. म्हणजे बँक ज्याला कर्ज द्यायला तयार, त्याला कारकून करायला तयार नाही. हा कुठला न्याय?

माझी मागणी साधी आहे. कर्ज मिटलं असेल तर नेमणूक अडवू नका. आपत्तीत थकलेल्या कर्जाची वेगळी नोंद ठेवा. रद्द करण्याआधी उमेदवाराचं ऐकून घ्या.

आणि पोरांनो, घरच्या कर्जावर सही करताना विचार करा. सहकर्जदार आणि जामीनदार, दोघांच्याही नावावर ते दिसतं. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढा. चूक असेल तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. जमलं तर तडजोडीऐवजी पूर्ण फेडून 'येणे बाकी नाही'चा दाखला घ्या.

तो मुलगा आता ना-हरकत पत्रासाठी शाखेत खेटे घालतोय. साहेब रजेवर आहेत म्हणे. रुजू व्हायची तारीख काही रजेवर जात नाही.

राजपुरी, आगरदांडा, नांदगाव, कुठेही असं कोणी असेल तर कळवा. नावं न छापता बातमी करतो.