आकाशातले कण सापडले, पोटातले जंत राहिले

हिमालयात ट्रेक करून आलेले रुग्ण पोटाची तक्रार घेऊन येतात, तेव्हा मी शौचाची तपासणी लिहून देतो. त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर ऐकायला मिळते. "डॉक्टर, एवढ्या उंचावर, बर्फाचं पाणी, शुद्ध हवा. तिथं कसले आलेत जंत?" शौचाची डबी नेऊन देणे कोणालाच आवडत नाही, त्यामुळे हे कारण सोयीचेही असते. पण हा समज फक्त ट्रेकर मंडळींचा नाही. डॉक्टरांचाही बराच काळ असाच काहीसा समज होता, आणि तो चुकीचा ठरला ती जागा जगातल्या फार थोड्या वस्तीच्या जागांइतकी उंच आहे. तिची गोष्ट आज सांगतो, कारण तिच्यात आपल्या तपासण्यांबद्दल मला जे म्हणायचे आहे ते सगळे आले आहे.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. त्याच्या ला पाझ शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर चाकाल्ताया हा डोंगर आहे. त्यावर ५,२०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर वैश्विक किरणांची प्रयोगशाळा आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तशी तीन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी ही प्रयोगशाळा वरच राहील. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. नवखा माणूस दहा पावले चालला तरी धापा टाकतो.

इतक्या उंचावर प्रयोगशाळा कशाला? वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून सतत येणारे अतिवेगवान कण, त्यात प्रोटॉन सर्वांत जास्त. ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये फुग्यातून ५,००० मीटरच्या वर जाऊन दाखवले की वर जावे तसा हा मारा वाढतो. १९३६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. आपल्या डोक्यावरची हवा या कणांना छत्रीसारखी अडवते. कण हवेतल्या अणूंवर आदळतात, त्यातून नवे कण निघतात आणि त्यातले पुष्कळसे खाली पोचण्याआधीच संपतात. म्हणून ज्यांना ते पकडायचे होते ते डोंगर चढले. भारतातही देबेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधरी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दार्जिलिंग आणि संदकफूला फोटोच्या काचा ठेवल्या होत्या. नव्या कणाच्या खुणा त्यांना दिसल्या, पण युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात आणि काम तिथेच अडले. बिभाताई पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. त्यांचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात का नसावे, हा वेगळा लेख होईल.

१९४७ मध्ये सेझार लातेस हा ब्राझीलचा बाविशीतला तरुण शास्त्रज्ञ अशाच काचा घेऊन चाकाल्तायावर गेला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या त्याच्या गटाला फ्रान्समधल्या पिक दु मिदी या डोंगरावर ठेवलेल्या काचांत 'पायॉन' या नव्या कणाचे पहिले पुरावे मिळाले होते. ते इतके थोडे होते की खात्री देता येईना. बोलिव्हियाच्या उंचावरच्या काचांनी ती खात्री दिली. १९५० चे नोबेल त्या गटाचे प्रमुख सेसिल पॉवेल यांना मिळाले.

एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून फार जवळची वाटते. हा कण कोणत्या अवाढव्य यंत्राने शोधला नाही. ब्रिस्टलमध्ये काही स्त्रिया दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आणि काचेवरच्या रेघा तपासत. एक रेघ थांबते आणि तिथूनच दुसरी निघते, असे पहिले चित्र मारिएटा कुर्ट्झ यांना दिसले. त्या दुसऱ्या रेघेची लांबी होती सुमारे ०.६ मिलिमीटर. पॅथॉलॉजी लॅबमधली ताई आपल्या शौचाचा थेंब काचेवर घेऊन नेमके हेच काम करत असते: डोळा, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी.

आता त्याच डोंगरावरून खाली पाहू. खाली पसरले आहे आल्तिप्लानो नावाचे विस्तीर्ण पठार, ३,८०० ते ४,१०० मीटर उंचीचे, टिटिकाका सरोवरापर्यंत गेलेले. तिथे आयमारा लोक शेती करतात, मेंढ्या, गाई, डुकरे पाळतात. चाकाल्तायावर १९५० च्या दशकापासून प्रयोगशाळा उभी होती, पुढे जपान, अमेरिका, ब्राझील इथले गट येत राहिले. आणि खालच्या पठारावर लहान मुलांच्या यकृतात एक चपटा जंत राहत होता. १९९० च्या दशकात संशोधकांनी गावोगावच्या शाळांत जाऊन शौचाची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा काही ठिकाणी सुमारे दोन-तृतीयांश मुलांमध्ये त्याची अंडी सापडली. माणसात या रोगाचे इतके प्रमाण जगात दुसरीकडे कुठेच नोंदलेले नव्हते.

हा जंत म्हणजे फॅसिओला हेपॅटिका. आपल्याकडचे पशुवैद्य त्याला लिव्हर फ्लूक म्हणतात, कारण गाई-म्हशी-मेंढ्यांच्या यकृतात त्याची भावंडे त्यांना नेहमी भेटतात. आकार पानासारखा, लांबी दोन-तीन सेंटिमीटर. जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात जातात. त्यातून निघालेली अळी एका छोट्या गोगलगायीत शिरते, तिथे तिची संख्या वाढते. मग त्या बाहेर पडून पाण्यातल्या पानांवर कवच करून चिकटतात, काही पाण्यावर तरंगत राहतात. ती पाने कच्ची खाल्ली किंवा ते पाणी प्यायले, की माणूस सापडला. अळी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत जाते, यकृताला भोक पाडून आत शिरते आणि काही आठवडे ते पोखरत हिंडते. शेवटी पित्तनलिकेत मुक्काम ठोकते आणि तिथे कित्येक वर्षे राहते, दहा वर्षांहूनही जास्त.

मग इतकी वर्षे हे कसे दिसले नाही? त्याला कारणे आहेत. पुस्तकात हा जनावरांचा रोग, माणसाला चुकून होणारा, असे लिहिलेले. एवढ्या थंड, कोरड्या, विरळ हवेत गोगलगाय कशी टिकेल, हाही प्रश्न रास्त वाटे. प्रत्यक्षात झाले उलटेच. पठारावर ऊन तीव्र आणि बाष्पीभवन जोरात, त्यामुळे डबकी आटतात आणि वर्षभर पाणी राहते ते मोजक्याच झऱ्यांशी, ओढ्यांशी. साहजिकच जनावरे, गोगलगाई आणि माणसे त्याच पाण्यावर जमतात, तेही बारा महिने. शिवाय तिथल्या अभ्यासात असे आढळले की लागण झालेली गोगलगाय उंचावर जास्त दिवस जगते आणि जास्त अळ्या बाहेर टाकते. युरोपातून आलेल्या जनावरांबरोबर अमेरिका खंडात उतरलेला हा जंत इथे परका राहिलाच नाही.

दुसरे कारण रोगाच्या स्वभावात आहे. सुरुवातीला ताप येतो, उजव्या बरगडीखाली दुखते, मळमळ होते, अंगावर पित्त उठते. यात 'हाच तो' म्हणावे असे काही नाही. या काळात जंत अजून अंडी घालत नसतो, त्यामुळे तीन-चार महिने शौचाची तपासणी कोरी येते. रक्तात मात्र इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतात. नंतर अंडी येतात, पण थोडी आणि रोज नाही. मुले हळूहळू फिकट होतात, रक्त कमी होते, पित्तनलिका सुजते. गरीब घरातले फिकट मूल पाहून डॉक्टरही 'खाणे कमी पडते' म्हणून पुढे जातो. हे मी बोलिव्हियाबद्दल लिहितोय असे समजू नका.

माझे मत असे: चाकाल्तायावर गेलेल्या शास्त्रज्ञांचा यात काडीचाही दोष नाही. ते ज्यासाठी गेले ते त्यांनी केले, आणि जिद्दीने केले. दोष आम्हा वैद्यकातल्या लोकांचा. 'या भागात हा रोग नाही' असे आम्ही म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा खरा अर्थ 'आम्ही कधी पाहिले नाही' एवढाच असतो. त्या जंताचे अंडे ०.१३ ते ०.१५ मिलिमीटर लांब असते, म्हणजे म्युऑनची ती ०.६ मिलिमीटरची रेघ त्याच्या चौपट. पण शौचातल्या इतर जंतांच्या अंड्यांशेजारी ते राक्षसच वाटावे इतके मोठे. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. कमी पडले ते बघायला जाणे.

बघितल्यावर उपाय करता आला, हेही सांगायला हवे. या जंतावर चालणारे औषध आहे ट्रायक्लाबेंडाझोल. ते आधी जनावरांसाठी आले, १९८० च्या दशकात. माणसांसाठी नंतर. बोलिव्हियात २००८ पासून गावोगाव ते देण्याची मोहीम सुरू झाली, औषध कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत फुकट पुरवले. मूल पुन्हा त्याच ओढ्यावर गेले तर लागण पुन्हा होते, त्यामुळे जनावरे आणि पाणी यांकडे पाहिल्याशिवाय काम पुरे होत नाही. तरी सुरुवात झाली.

आता आपल्याकडे या. 'वर्षातून एकदा जंताची गोळी घेतली की झाले' असे बरेच जण मानतात. शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोल चांगलीच गोळी आहे, ती मुलांना जरूर द्या. गोल जंत, अंकुश कृमी यांवर ती काम करते. लिव्हर फ्लूकवर ती भरवशाची नाही. इतर चपट्या जंतांवर चालणारे प्राझिक्वांटेलसुद्धा या एका जंतापुढे हात टेकते. सगळ्या जंतांना एकच गोळी, असे काही नसते.

आणि चपटे जंत महाराष्ट्रात नाहीत असेही नाही. पालघर तालुक्यात फॅसिओलॉप्सिस बस्की या आतड्यातल्या चपट्या जंताचा अभ्यास झाला होता, तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा जंत शिंगाड्यासारख्या पाण्यातल्या फळांवरून पोटात जातो, विशेषतः कच्चा शिंगाडा दातांनी सोलताना. गंमत अशी (लॅबवाल्यांसाठी गंमत नव्हे) की त्याचे अंडे आणि लिव्हर फ्लूकचे अंडे दिसायला जवळजवळ सारखे. पण एक आतड्यात राहतो आणि प्राझिक्वांटेलने जातो, दुसरा यकृतात राहतो आणि जात नाही. रिपोर्टवर नुसते 'अंडी दिसली' वाचून औषध लिहिता येत नाही. रुग्णाने काय खाल्ले, कुठे राहिला, सोनोग्राफीत पित्तनलिका कशी आहे, हे विचारावे लागते.

उपवासाचे शिंगाड्याचे पीठ बिनधास्त खा, ते शिजवलेले असते. कच्चे शिंगाडे उकळत्या पाण्यात टाकून मग सोला. कलेजी खाल्ल्याने लिव्हर फ्लूक होतो का, असे विचारणारे भेटतात. नाही होत. पण लागण झालेल्या जनावराची कलेजी खाल्ली तर तिच्यातली अंडी न पचता शौचातून बाहेर येतात आणि रिपोर्ट खोटाच पॉझिटिव्ह येतो. म्हणून असा रिपोर्ट आला की आठवडाभर कलेजी बंद करून पुन्हा तपासा, घाबरून औषध घेऊ नका. जनावरांचे औषध दुकानातून आणून स्वतःवर प्रयोग तर अजिबात नको.

ट्रेकर मंडळींसाठी: ४,००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते, तरी ते पुरेसे आहे. खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटे राहू द्या. वरच्या ओढ्यातून हमखास येतो तो जिआर्डिया. थंड पाण्यात तो आठवडेच्या आठवडे टिकतो आणि क्लोरीनच्या गोळीला सहज दाद देत नाही. झऱ्याच्या वर याक आणि मेंढ्या चरत असतात, हे खालून दिसत नाही.

आणि तपासणी सांगितली तर डबी एकदा देऊन सुटका होत नाही. एक दिवसाआड तीन वेळा द्या, दोन-तीन तासांत लॅबला पोचेल अशी. लघवी त्यात मिसळू देऊ नका. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'कशासाठी बघायचे' ते लिहून घ्या, म्हणजे काचेवर डोळा लावून बसलेल्या त्या ताईंना कशाचा शोध घ्यायचा ते कळेल. रक्तात इओसिनोफिल खूप वाढलेले असतील, तर ऍलर्जी म्हणून सोडून देण्याआधी डॉक्टरांना एकदा जंतांबद्दल विचारा. मीही कंटाळा केला तर मलाही विचारा.